मंत्र्यांच्या तोंडातला फ

टकळीच्या बाबांनी घरावर पाटी लावायची ठरवली तेव्हा सगळीकडे शांतता होती. हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. कारण पुढे जो गदारोळ झाला त्याचं मूळ कोणी मंत्र्यांच्या जिभेत शोधलं, कोणी विरोधकांच्या कानांत, आणि एका वाहिनीवरच्या तज्ज्ञाने तर त्या दिवशीच्या वाऱ्यात. मूळ पाटीत होतं. आणि पाटीवरचं वाक्य टकळीचं होतं.

टकळी दहावीत होती. हे नाव तिला आईने ठेवलं होतं, ती बोलायला लागली त्याच आठवड्यात, आणि ते मागे घ्यायची वेळ अजून आली नव्हती. त्यातून नुकतंच तिला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. आधी ती नुसती बोलायची, आता ती मुद्दे मांडायची. जेवताना मीठ मागायचं असलं तरी सुरुवात 'पहिली गोष्ट अशी की' इथून व्हायची.

बाबा कवळ्या करायचे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. एका भिंतीला मोठं कपाट, आणि त्यात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. दूधवाला, पोस्टमन, टकळीच्या मैत्रिणी, सगळ्यांकडे बघून ते जबडे सारखेच हसायचे. दातांच्या डॉक्टरीणबाई माप पाठवायच्या, बाबा कवळी करायचे, आणि शेवटी गिऱ्हाईक स्वतः येऊन ती तोंडात बसवून बघायचं. तेव्हा बाबा त्याला एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावायचे: "फाटकापाशी फळा फुटला." फळा का फुटला, फाटकापाशी तो गेलाच कसा, हे विचारायचं नाही. वाक्य स्वच्छ आलं तर कवळी पास. नाही आलं तर बाबा ती परत घासायला घ्यायचे, आणि चहासुद्धा नंतर. आपल्या हातची कवळी आजवर कुणाला टोचली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान होता. बाबा तो रोज पुसून लख्ख ठेवायचे.

आणि अशा माणसाकडे एक दिवस खुद्द मंत्री कवळी बसवून घ्यायला आले. आले, 'फाटकापाशी फळा फुटला' म्हणाले, आरशात हसले आणि गेले. त्यानंतर बाबांच्या चालण्यात फरक पडला. ते जरा मागे रेलून चालायला लागले. आईने त्याचा अर्थ कंबरदुखी असा घेतला, पण बाबांच्या डोक्यात पाटी शिजत होती.

"साधंच लिहू," बाबा म्हणाले. "येथे उत्तम कवळ्या करून मिळतील."

वरच्या मजल्यावरचे काका तेवढ्यासाठी खाली आले. ते निवृत्त होते आणि मंत्र्यांच्या पक्षाचे होते, म्हणजे दोन्ही कामांना त्यांच्याकडे वेळ होता. "अरे, मंत्री तुझे दात घालून फिरतायत आणि तू उत्तम-बित्तम काय लिहितोस? नाव घाल त्यांचं! लोक लांबून येतील."

"घाला, घाला," शेजारच्या मावशी खिडकीतूनच म्हणाल्या. त्या शिवणकाम करायच्या आणि विरोधी पक्षाच्या होत्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य टोचरं यायचं. "म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या बायका तुमच्या दाराकडे ढुंकून बघणार नाहीत."

दोन दिवस चर्चा झाली. शेवटी टकळी उठून उभी राहिली. "पहिली गोष्ट अशी की, पाटी म्हणजे भाषण. पहिल्या वाक्यातच श्रोता गारद झाला पाहिजे." आणि तिने वाक्य दिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगाऱ्याने ते निळ्यावर पिवळ्या अक्षरांत रंगवलं:

मंत्रिमहोदय आमच्याच दातांनी बोलतात!

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता टाचण्या परत तोंडात घातल्या. तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं.

परवान्यासाठी बाबा पालिकेत गेले. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "कशाची पाटी?"

"कवळ्यांची."

"खाद्यपदार्थ?"

"खायला लागतात. पण खाद्य नव्हेत."

बाबूंनी यादीवर बोट फिरवलं. "कृत्रिम वस्तू. फुलं, केस, दागिने आणि इतर. इतरमध्ये टाकतो."

"उभा जन्म दातांत घालवला हो मी," बाबा म्हणाले. "आणि इतर?"

"मग केसांत टाकू?"

बाबा 'इतर' होऊन परत आले. सोमवारी पाटी लागली. आणि त्याच आठवड्यात मोठ्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या पुलाचं उद्घाटन होतं. मंत्र्यांच्या हस्ते, आणि बाबांच्या मते बाबांच्या दातांनी.

बाबा, आई आणि टकळी तिसऱ्या रांगेत बसले होते. मंत्री मोजकं बोलण्यासाठी प्रसिद्ध होते. वर्तमानपत्रं त्यांना 'संयमी नेतृत्व' म्हणायची. फीत कापायची, चार वाक्यं बोलायची आणि गाडीत बसायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र ते फीत कापायची कात्री हातात घेऊन जे सुरू झाले ते थांबेचनात. आपलं बालपण झालं, पुलाचं महत्त्व झालं, इतर पुलांशी तुलना झाली. बँडवाले वाद्यं खाली ठेवून बसले. कॅमेरावाल्यांनी कॅमेऱ्यांना मान टाकू दिली. आणि कधीतरी, सगळ्यांचं लक्ष उडालेलं असताना, मंत्री ते वाक्य बोलले.

"काय म्हणाले?" मागून कुणीतरी विचारलं.

बाबांनी काहीच ऐकलं नव्हतं. ते तल्लीन होऊन मंत्र्यांच्या तोंडाकडे बघत होते. "वरचे पुढचे दोन बघ," ते आईच्या कानात कुजबुजले. "उन्हात कसे दिसतायत!"

संध्याकाळी वाहिन्यांनी ते वाक्य लावलं. पहिल्या वाहिनीवर खाली लिहिलं होतं: 'या शहरात पायी चालणारी माणसं भार आहेत.' दुसरीवर लिहिलं होतं: 'या शहरात पायी चालणारी माणसं फार आहेत.' तोंड तेच, आवाज तोच, कात्री तीच. अक्षर एकच बदललं होतं, पण त्या एका अक्षरात सरकार टिकतं की पडतं असा प्रश्न होता.

रात्रीच्या जेवणापर्यंत देशात दोन प्रकारची माणसं उरली. भारवाले आणि फारवाले.

भारवाल्यांचं म्हणणं, मंत्र्यांनी पायी चालणाऱ्या गरिबाचा अपमान केला. फारवाल्यांचं म्हणणं, पायी चालणारे पुष्कळ आहेत म्हणूनच तर साहेबांनी पूल बांधला, यात अपमान कुठे आला? विरोधी पक्षनेत्यांनी निषेध म्हणून पदयात्रा काढली. ते स्वतः कोपऱ्यापर्यंत गाडीतून आले, कोपऱ्यापासून कॅमेऱ्यांपर्यंत चालले आणि तिथे उभं राहून इतका वेळ बोलले की मागची पदयात्रा खाली बसली. फारवाल्यांनी त्याच्या निषेधार्थ नव्या पुलावर गर्दी करायचं ठरवलं. पायी चालणारे किती आहेत हे दाखवायला. त्यामुळे खऱ्या पायी चालणाऱ्यांना पुन्हा खालूनच, गाड्या चुकवत रस्ता ओलांडावा लागला.

वरच्या काकांनी तो तुकडा आवाज मोठा करून इतक्यांदा लावला की खालच्या घरातले जबडे कपाटात थरथरायला लागले. "स्वच्छ फ आहे! ऐका!"

"कान तपासून घ्या," मावशींनी खिडकीतून टाचणी मारली.

"कान कशाला? अहो, फार म्हणतायत, फार!"

"भारच आहे तो. आणि तुमचा टीव्हीसुद्धा!"

पण खरी पंचाईत निराळीच झाली. 'फार' हा शब्द उच्चारणं म्हणजे पक्ष जाहीर करणं झालं. बसमध्ये एका बाईने 'फार गर्दी आहे हो' म्हटलं, तर मागच्या दोघांनी घोषणा दिल्या. टकळीच्या शाळेत मराठीच्या बाईंनी कुणाच्या तरी निबंधाखाली 'फार छान' असा शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशी एक पालक दारात हजर. त्यानंतर मुख्याध्यापकांनी तोंडी सूचना दिली की शेरे 'खूप छान' किंवा नुसतंच 'छान' असे द्यावेत. 'फारसं बरं नाही' याला काय पर्याय, हे ठरेना. त्यामुळे त्या आठवड्यात कुणालाच वाईट शेरा मिळाला नाही. लोकशाहीचे फायदे टकळीने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले.

बाबा या सगळ्यापासून लांब होते. "आपल्याला काय करायचंय?" ते मेण वितळवत म्हणायचे. "दातांना पक्ष नसतो."

आणि मग मंत्र्यांच्या पक्षाच्या प्रवक्त्याने पत्रकार परिषद घेतली. चेहरा अत्यंत गंभीर. "साहेबांना फारच म्हणायचं होतं. परंतु साहेबांनी नुकतीच नवी कवळी बसवली आहे. कवळीतल्या दोषामुळे फ-चा भ झाला. जीभ घसरलेली नाही. दात घसरले आहेत."

बाबांच्या हातातलं मेण जमिनीवर सांडलं. त्यांची दातखीळ बसली. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच कुणाची बसली असेल.

वाहिन्यांना आता कवळीवाला हवा होता. तो शोधणं अवघड नव्हतं. त्याच्या घरावर निळ्यावर पिवळ्या अक्षरांत कबुलीजबाब लावलेला होता.

"फ-चा भ होईलच कसा?" बाबा घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. "फ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. भ-ला दातांचं कामच नाही! नुसते ओठ मिटतात! कवळी वाईट असती तर फ-चं फुस्स झालं असतं. भ कसा होईल? भ?"

"बाहेर जाऊन सांगा ना मग," आई म्हणाली.

"मी कारागीर आहे. मी रस्त्यावर उभा राहून भ-भ करणार नाही."

टकळीचं काळीज तुटलं. पाटीवरचं वाक्य तिचं होतं. जे वाक्याने बिघडलं ते वाक्यानेच सुधारायचं, असं ठरवून तिने वेणी घट्ट केली आणि दार उघडलं. समोर माइकांचं जंगल.

"तू कवळीवाल्यांची मुलगी? तुझ्या बाबांच्या दातांविषयी काय सांगशील?"

"पहिली गोष्ट अशी की," टकळी खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या बाबांचे दात फार चांगले असतात!"

ती दार लावून आत येईपर्यंत पडद्यावर पट्टी सुरू झाली होती: 'कवळीवाल्याच्या घरातून फार-ला पाठिंबा.' वरच्या मजल्यावरून टाळ्यांचा आवाज आला. शेजारची खिडकी धाडकन बंद झाली.

टकळी पुन्हा बाहेर धावली. "अहो, फार नाही! मला फार म्हणायचंच नव्हतं!"

नवी पट्टी: 'मुलीने फार नाकारला. घरात फूट?'

आता वरचे काका खाली आले. "काय गं, चारचौघांत पलटी खाल्लीस? तुझ्या बापाने आमच्या साहेबांना भारात ढकललं आणि तू वर धक्का दिलास."

"काका, मी कुणालाच धक्का..."

"मी तुझ्याशी बोलत नाही," असं म्हणून काका तिच्याशी पाऊण तास बोलले.

आईने पाटी काढायची ठरवली. बाबा पालिकेत गेले. बाबूंनी कागद बघितला. "परवाना वर्षाचा आहे. आधी काढलीत तर अटीचा भंग होतो."

"म्हणजे लावायला परवानगी, काढायलाही परवानगी?"

"काढायला नाही. काढायला परवानगीच नाही."

मग आईने पाटीवर चादर टाकली. चादरीवर मोठी गुलाबी फुलं होती. संध्याकाळी वाहिनीवर: 'पुरावा झाकला!' आणि खाली, छोट्या अक्षरांत, 'फुलं कोणत्या पक्षाची?'

आणि मग, ज्याची बाबांना सगळ्यात धास्ती होती, ते झालं. गिऱ्हाइकं परत यायला लागली, कवळ्या घेऊन. निवृत्त हेडमास्तर आले. कवळी बाबांचीच, अनेक वर्षं वापरलेली, तक्रार शून्य. त्यांनी ती काढून रुमालावर ठेवली. "बोलताना मला भलवता वातत नाई," ते म्हणाले. मग ती परत तोंडात घालून म्हणाले, "बोलताना मला भरवसा वाटत नाही. काल मी 'फळं' म्हणालो तर सून म्हणाली, 'भलं' ऐकू आलं." त्यांच्यापाठोपाठ दोघे आले, मग तिघे. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज अवघडलेला होता. "थोडे दिवस मापं दुसरीकडे पाठवते हं. पेशंट विचारतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बाबांनी मनाला लावून घेतलं. ते कपाटासमोर स्टूल घेऊन बसले आणि एकेक जबडा हातात घेऊन पुसत राहिले. त्यांना असं गप्प बघून टकळीला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या तोंडात कुणीतरी बोळा घालावा. तिने मुद्दे मांडणं बंद केलं. मीठसुद्धा हाताने खूण करून मागायला लागली. आईला वाटलं ताप आला.

विरोधी पक्षाची माणसंही येऊन गेली. त्यांना बाबांचा सत्कार करायचा होता. 'दात निर्दोष, मंत्री दोषी' असा फलक त्यांनी बरोबरच आणला होता. बाबांनी तो वाचला. पहिले दोन शब्द त्यांना आवडले. पण ते म्हणाले, "फलक अर्धा कापून देता का?" त्यावर ती माणसं दुखावून निघून गेली.

शेवटी एका भर दुपारी मागच्या दाराशी एक गाडी थांबली. आतून तोंडाला रुमाल लावलेला एक गृहस्थ, त्याच्यामागे प्रवक्ता आणि त्यांच्यामागे एक ठसठशीत बाई उतरली. रुमाल म्हणजे मंत्री होते. बाई म्हणजे मंत्र्यांच्या पत्नी होत्या, आणि बसायला कुणी सांगायच्या आधी त्या बसल्या होत्या.

बाबांनी नमस्कार केला नाही. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. म्हणा, फाटकापाशी फळा फुटला."

मंत्री निमूट म्हणाले. फ असा स्वच्छ, की कपाटातल्या जबड्यांनीही मान डोलवावी.

"पुन्हा."

"फाटकापाशी फळा फुटला."

बाबा पुढे सरकले. "साहेब, मग त्या दिवशी काय झालं?"

मंत्र्यांनी प्रवक्त्याकडे पाहिलं. प्रवक्त्याने छताकडे पाहिलं. मंत्री रुमालाशी खेळत म्हणाले, "काय होणार? भारच म्हणालो मी."

टकळीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. सवय अजून नवी होती.

"म्हणजे माझ्या दातांचा काही दोष नाही?" बाबा म्हणाले.

"दोष नाही कसा?" मंत्र्यांच्या पत्नी उसळल्या. "सगळा दोष तुमच्याच दातांचा! अहो, यांची आधीची कवळी टोचायची. चार वाक्यं झाली की हे कळवळायचे आणि खाली बसायचे. त्यालाच लोक संयम म्हणायचे! त्या कवळीवर यांनी मंत्रिपद मिळवलं. आणि तुम्ही! लोण्यासारखी बसवून दिलीत. त्या दिवशी हे बोलतायत, बोलतायत, काही टोचेचना. मग पोटातलं सगळं बाहेर यायला लागलं. घरीसुद्धा बोलतात आता. सकाळपासून!"

"इतकी आरामात बसली," मंत्री कबुली दिल्यासारखं म्हणाले, "की माझ्या तोंडात काही आहे हेच मी विसरलो."

आजवर कुणी बाबांच्या कामाचं इतकं कौतुक केलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की हे कौतुक कुणालाही सांगता येणार नाही.

"तेव्हा," प्रवक्ता घसा खाकरून म्हणाला, "पक्षाची विनंती अशी आहे की साहेबांना नवी कवळी करून द्यावी. जरा टोचेल अशी."

"काय?"

"जास्त नको. चार वाक्यांनंतर."

बाबा ताठ झाले. "माझ्या हातून टोचणारी कवळी होणार नाही. चालते व्हा." मग समोर मंत्री आहेत हे आठवून ते म्हणाले, "म्हणजे, चहा घेऊन चालते व्हा."

प्रवक्त्याने दातांच्या कण्या केल्या, पण बाबा ढिम्म. तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने सगळं दाराआडून ऐकलं होतं. "अहो, थांबा जरा. वहिनी, एक सांगते. यांनी तशी कवळी करून दिली, तर साहेबांनी टीव्हीवर सांगायचं की कवळीत काही दोष नव्हता. सगळ्यांसमोर. यांच्या पोटावर पाय आलाय."

मंत्र्यांच्या पत्नींनी नवऱ्याकडे बघितलं. "सांगतील."

"अगं, पण म्हणजे मीच चुकलो असं होईल!" मंत्री म्हणाले.

"मग? चुकला नाहीत?"

अशा रीतीने तह झाला. टकळीने इतिहासाच्या पुस्तकात बरेच तह वाचले होते, पण स्वयंपाकघराच्या दारात झालेला हा पहिलाच.

पुढचे दिवस बाबांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. वाईट काम चांगलं करायचं! सवयीने हात आपोआप गुळगुळीत घासायचा, मग ते कपाळावर हात मारून पहिल्यापासून सुरुवात करायचे. लगेच टोचली तर मंत्री ती काढून ठेवणार. टोचलीच नाही तर पुन्हा भार. आईने शेवटी आपल्या नव्या चपला त्यांच्यासमोर ठेवल्या. "या बघा. दुकानात एकदम मऊ. बाजारापर्यंत मऊ. परत येताना अंगठ्याशी असं काही चावतात, की बाईने रिक्षाच करावी." बाबांनी चपला उलट्यासुलट्या करून बघितल्या, अंगठ्याशी बोट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. हिरडीच्या एका कोपऱ्याशी त्यांनी इवलीशी कड ठेवली. गप्प बसलं तर ती नाही लागायची. बोलत राहिलं की जबडा सरकून सरकून त्या कडेवर यायचा. टकळीने ती कवळी दिव्यासमोर धरून पाहिली. इतकी सुंदर वाईट वस्तू तिने कधी बघितली नव्हती.

पत्रकार परिषदेच्या दिवशी वरचे काका, मावशी, हेडमास्तर, सगळे टकळीच्याच घरी जमले. कारण वरच्या टीव्हीवर फक्त फारच्या वाहिन्या लागत आणि मावशींच्या टीव्हीवर फक्त भारच्या.

मंत्री पडद्यावर आले. "मी दिलगीर आहे," ते म्हणाले. पहिलं वाक्य, सुरळीत. "माझा शब्द चुकला." दुसरं. "कवळी करणारे गृहस्थ उत्तम कारागीर आहेत." बाबांनी आईचा हात धरला. "त्यांच्या कवळीत कसलाही दोष..."

आणि चौथ्या वाक्याच्या मध्यावर मंत्र्यांचा डोळा मिटला, गाल उडाला, तोंड वाकडं झालं. "...आई गं!... नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.

वाहिन्यांनी तो डोळा मिटलेला चेहरा पडदाभर करून गोठवला. त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढलं. 'दोष नाही म्हणतानाच दात टोचले! मंत्री खोटं बोलले?' काका म्हणाले, "बघा! आमचे प्रवक्ते सांगत होतेच, दातच वाईट." मावशी म्हणाल्या, "खोटं बोललं की टोचणारच." हेडमास्तरांनी हळूच आपली कवळी जिभेने चाचपली. टकळीला कळून चुकलं. झालं, संपलं. आता तर पुरावाच.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत होते, अगदी त्या दिवशी उन्हात बघत होते तसे. "चौथं वाक्य," ते स्वतःशीच म्हणाले. "बरोबर चौथं."

बाहेर गाड्यांची दारं आपटली. माइक आले होते. टकळीच्या जिभेवर निदान सात मुद्दे येऊन उभे राहिले. तिने ते तसेच गिळले आणि बाबांसाठी दार उघडून धरलं.

बाबा उंबऱ्यावर गेले. "तुमची कवळी टोचते, हे खरं की खोटं?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

बाबा जन्मात खोटं बोलले नव्हते, निदान दातांच्या बाबतीत तरी. "टोचते," ते म्हणाले. "मुद्दाम टोचेल अशीच केली आहे. चार वाक्यांनंतर." आणि दार लावून आत आले.

वाहिन्यांना हे काय ते उमगेना. फारवाले म्हणाले घातपात, भारवाले म्हणाले क्रांती, आणि दोघेही दुसऱ्या दिवशी निराळ्याच कुणाच्या तरी निराळ्याच वाक्याकडे वळले. त्या दिवशी घरात मात्र हेडमास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे, तुम्हाला हवी तेव्हा, हवी तिथे टोचवता येते?"

"येते."

"आणि माझी टोचत नाही, म्हणजे ती न टोचणारीच केलेली आहे?"

"तुम्हाला काय वाटलं मग?"

हेडमास्तर उठले. "फाटकापाशी फळा फुटला," ते मोठ्याने म्हणाले आणि बाबांचा हात हातात घेऊन हलवत राहिले. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मापं उद्यापासून पाठवते, आणि जरा जास्तच पाठवते, लोक आता विचारतायत.

पण आठवडाभराने जी गाडी मागच्या दाराशी थांबली, ती मापांची नव्हती. आतून एक हडकुळ्या, दमलेल्या बाई उतरल्या. त्या पदर सावरत खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. टकळीने त्यांना वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं होतं. विरोधी पक्षनेत्यांच्या शेजारी, कायम उभ्या, कायम ऐकत असलेल्या.

"तुम्ही ते चार वाक्यांचं करून देता ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्यासाठी हवं होतं. पण यांचे सगळे दात खरेच आहेत हो. तरी काही होईल का?"

बाबांनी गंभीरपणे विचार केला. "सांगता येत नाही. घेऊन या त्यांना. तोंड उघडायला लावून बघतो."

"उघडायचं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "मिटतं का ते बघा."